आबांसाठी चाकू

गोथेनबर्ग, स्वीडन
कोजागिरीनंतरचा रविवार

ती. आबा व सौ. आई यांस,


इथले एक वर्धेकर दिवाळीला गावाकडे निघाले आहेत. त्यांच्या मोठ्या बॅगेतून एक चाकू पाठवतो आहे. आबा, तुमचा पहिला प्रश्न मला इथे ऐकू येतोय, "काहून बे, सावंगीत विळे-कोयते सरले काय?" सरले नाहीत. पण हा रानात न्यायचा चाकू आहे आणि मोरा गावचा आहे. तिथे १८९१ पासून चाकूंचा कारखाना चालतो. इथला सुतार, कोळी, शाळकरी पोर, ज्याच्या त्याच्या कमरेला मोऱ्याचाच चाकू.

इथली माणसं सुट्टी लागली की रान गाठतात. जंगल कोणाच्याही मालकीचं असो, चालायला आणि एखादी रात्र तंबू टाकायला मुभा आहे. रानात गेलं की शेकोटी आली, आणि पाऊस तर पाचवीलाच पुजलेला. मग ओलं लाकूड फोडून आतला कोरडा गाभा काढायचा, त्याची बोटभर जाडीची काडी करायची आणि तिच्यावरून पातं असं ओढायचं की ढलपी सुटावी, पण तुटू नये. एकामागे एक ढलप्या काडीच्या टोकाशी कुरळ्या होऊन जमल्या की आगकाडी लावायची. सूनबाईचं म्हणणं, एवढ्या वेळात चुलीवर भाकरी होऊन माणसं जेवून उठली असती. तिचं खोटं नाही, पण ती सोबत येऊन ढलप्या मात्र माझ्यापेक्षा बारीक काढते.

शहरात मात्र हा चाकू बाळगून हिंडता येत नाही. १९८८चा कायदा आहे, सार्वजनिक जागी चाकू जवळ असेल तर तसंच कारण हवं. रानात निघालो हे कारण चालतं. "सवय आहे" हे चालत नाही. तेव्हा आबा, तुम्हीही तो पायजम्यात खोचून चौकात सुपारी कातरायला बसू नका.

तुमच्या नातीला शाळेत स्लॉइड नावाचा विषय आहे. लाकूडकाम, शिवणकाम, मुलगे-मुली सगळ्यांना सक्तीचं. पोरांनी लोण्याची लाकडी सुरी करून घरी आणायची, अशी इथली रीत. आबा, तुम्ही मास्तर. वर्ध्याची १९३७ची शिक्षण परिषद आणि झाकिर हुसेन समिती आमच्याकडून घोकून घेतलीत. त्याच्या साठेक वर्षं आधी ऑटो सालोमोन नावाचा गृहस्थ आमच्या गोथेनबर्गजवळ नेस इथे मास्तरांना रंधा आणि चाकू हाती धरायला शिकवत होता. पोर हातानं काम करत शिकतं, हे त्यानंही ओळखलं होतं. सेवाग्रामला चरखा, इथे चाकू. हे वाचून तुम्ही दोन दिवस खूश राहणार, म्हणून मुद्दाम लिहिलं.

चाकू वापरायचे नातीचे नियम असे: आधी बसल्या जागी हात लांब करून फिरवायचा, कोणाला लागला तर चाकू म्यानातच ठेवायचा. मांड्यांच्या मधे धरून कापायचं नाही, तिथे मोठी रक्तवाहिनी असते. आपल्या गावात मेडिकल कॉलेज आहे, विनोबांच्या नावाचं रुग्णालय आहे, म्हणून त्यांना काम पुरवलंच पाहिजे असं नाही, हे वाक्य तिचं.

मूठ बर्च लाकडाची. कारखान्याचा लाल रंग खरवडून तिनं त्यावर "आबा" लिहिलंय. पात्याच्या टोकानं नुसती चीर पाडायची, लाकूड काढायचं नाही, आणि चिरेत कॉफीची पूड चोळायची. शिरोरेघ थोडी वाकडी आहे, कारण लाकडाच्या रेषेत चीर पाडताना टोक रेषेबरोबर पळतं. आधी तिनं आईनं दिलेली वायगावची हळद भरून पाहिली होती. भौगोलिक मानांकन मिळालेली हळद, पण खिडकीतल्या उन्हात रंग उडाला. कॉफी टिकली. वरून जवसाचं तेल चोळलंय. इथे ते लाकडाला लावतात. आपण भाजीत घालतो हे शेजाऱ्याला सांगितलं, तर तो माझ्याकडे बराच वेळ पाहत राहिला. मूठ कोरडी वाटली की तेलाचं बोट फिरवा, पण तेलाचा बोळा चुरगळून कोपऱ्यात टाकू नका. जवसाच्या तेलाची चिंधी आपोआप तापून पेट घेते. पसरून वाळवा.

आता धार. पात्याला दोन्ही बाजूंनी एकच रुंद उतार आहे, थेट धारेपर्यंत. सोबतचा दगड भिजवा, उतार त्यावर सपाट टेकवा आणि ढकला. कोनाचा अंदाज करावाच लागत नाही. पलीकडच्या अंगाला खरखरीत कोर बोटाला जाणवली की बाजू बदला. मग दगडाची बारीक बाजू, शेवटी चामड्याचा पट्टा, त्यावर मात्र पातं उलटं ओढायचं, धार मागे ठेवून. आई कपाच्या बुडावर विळी घासते तसं हे चालणार नाही.

आणि हात जोडून सांगतो, दारावर येणाऱ्या धारवाल्याला हा चाकू देऊ नका. त्याच्या चाकावर ठिणग्या छान उडतात, पण पातळ धार तापून निळी पडते, पोलादाचं पाणी उतरतं आणि उतार गोल होतो. त्याला विळी द्या, अडकित्ता द्या, हवं तर माझी जुनी सायकलही देऊन टाका.

तुमचा थोरला

ता. क. आई, तू पहिल्याच दिवशी यानं पोह्यांवरचं लिंबू कापणार हे मला ठाऊक आहे. हे स्टेनलेस नाही, साधं पोलाद आहे. काप, पण लगेच धुऊन पुसून ठेव.