अधिकृत नाही, एवढेच!

क्योटोच्या निन्टेंडोचा धंदा 1889 साली पत्त्यांपासून सुरू झाला, म्हणजे पाने छातीशी धरून खेळण्याची कला घरचीच. तरी 2025च्या जानेवारीत लास व्हेगासच्या प्रदर्शनात कव्हरे विकणाऱ्या एका कंपनीने येऊ घातलेल्या ‘स्विच 2’ या व्हिडिओ गेमच्या यंत्राची प्रतिकृती थ्रीडी प्रिंटरवर छापून खुशाल मांडली. बाजूचे जॉय-कॉन, म्हणजे बटणांचे कंट्रोलर, आता खाचेत सरकवायचे नाहीत, चुंबकाने चिकटतात, हेही सांगून टाकले. बाळ जन्मण्याआधीच झबली तयार!

निन्टेंडोचा खुलासा बाणेदार: ही चित्रे अधिकृत नाहीत. खोटी आहेत, असे म्हणण्याचा मोह कंपनीने टाळला, आणि बरेच केले. कारण 16 जानेवारीला तिच्याच व्हिडिओत तेच यंत्र अवतरले, चिकटणाऱ्या जॉय-कॉनसकट. आता ते अधिकृत झाले, इतकाच काय तो फरक.

राहता राहिले उजव्या जॉय-कॉनवरचे कोरे चौकोनी बटण. निन्टेंडोने ते व्हिडिओत कोरेच दाखवले. तर्कांना ऊत आला. 2 एप्रिलला सविस्तर उलगडा झाला: ते ‘सी’चे बटण, खेळता खेळता मित्रांशी गप्पा मारण्यासाठी. सगळे यंत्र चव्हाट्यावर आल्यावर कंपनीने तोंड शिवून ठेवले ते नेमके गप्पांच्या बटणाबाबत!

मे महिन्यात निन्टेंडोने कव्हरवाल्यांवर कॅलिफोर्नियात दावा दाखल केला. सप्टेंबरात समेट झाला, कव्हरवाल्यांनी पैसे मोजायचे ठरले. किती, ते मात्र फुटले नाही.