तात्यांचा नाका, कुकसाहेबांचा आहेर

डोनाल्डतात्या ट्रम्प यांनी एप्रिल 2025 मध्ये अमेरिकेच्या वेशीवर जकातनाका उभारला, तेव्हा डोंबिवलीकरांना काडीचंही नवल वाटलं नाही. आम्ही जकात पाहिली, तिच्या जागी आलेला एलबीटी पाहिला. कराचं नाव बदललं म्हणून बिल कमी होतं, हा समज आम्ही केव्हाच सोडून दिलाय. नाक्यावर ट्रक अडला की हुशार मालक काय करतो, हेही ठाऊक आहे. तो भांडत नाही, साहेबांना भेटतो.

ॲपलच्या टिम कुकसाहेबांनी हेच केलं. 6 ऑगस्टला व्हाइट हाउसात जाऊन त्यांनी 24 कॅरेट सोन्याच्या बैठकीवरची काचेची तबकडी तात्यांना नजर केली. वर अमेरिकेत आणखी 100 अब्ज डॉलर गुंतवण्याचा शब्द दिला. त्याच दिवशी तात्यांनी रशियन तेलाचं निमित्त करून भारतावरचं शुल्क 25 वरून 50 टक्क्यांवर नेण्याचं फर्मान काढलं. तिकडे माल धाडणारे कोळंबीवाले, कापडवाले कपाळाला हात लावून बसले. स्मार्टफोन मात्र एप्रिलपासूनच सवलतीच्या यादीत होते, तिथेच राहिले. कोळंबीवाल्याला सोन्याची बैठक परवडत नाही, त्याला तात्या तरी काय करणार?

कुकसाहेबांच्या आधीचे ॲपलचे प्रमुख स्टीव्ह जॉब्ज गिऱ्हाइकाला दिपवायचे. आता आधी नाकेदाराला दिपवावं लागतं. आहेराच्या आधी, मे महिन्यात तात्यांनी दोह्यात जाहीर सांगितलं, की कुकने भारतात कारखाने काढलेले मला नकोत. जुलैअखेर कुक यांनी शांतपणे कळवलं, की अमेरिकेत विकले जाणारे बहुतांश आयफोन भारतातच बनलेत. तोंडाने हो, हाताने नाही. या माणसाला आमच्या सोसायटीचं चेअरमनपद बिनविरोध मिळेल.

आता फोनचा प्रवास बघा. तो बनतो तामिळनाडूत, कधी श्रीपेरंबुदूरला, कधी होसूरला. तिथून विमानाने अमेरिका. तिथून भाच्याच्या बॅगेत, मोज्यात गुंडाळून, थेट डोंबिवलीचं रामनगर. 2025 मध्ये आयफोन 17 आला, तेव्हा तिकडे 799 डॉलर होता, इकडे जीएसटीसकट 82,900 रुपये. मामा पंचांगाच्या मागे गुणाकार करतात, तिकडचा सेल्स टॅक्स सोयीने विसरतात आणि ऑर्डर सोडतात. न्यू जर्सीतला भाचा खोकं उलटं करून वाचतो: असेंबल्ड इन इंडिया.

“मामा, हा तुमच्याकडचाच आहे!”

“असू दे रे. आला अमेरिकेहून ना?”

आपले नेतेही काही कमी नाहीत. ऑगस्ट 2015 मध्ये आयफोन जोडणाऱ्या फॉक्सकॉनने महाराष्ट्राशी 5 अब्ज डॉलरचा सामंजस्य करार केला. फोटो झकास आले, कारखाना आला नाही. 2022 मध्ये वेदांता-फॉक्सकॉनचा चिपचा प्रकल्प तळेगाव सोडून गुजरातला गेला आणि तो कोणी घालवला यावर रणकंदन माजलं. पुढच्या जुलैत फॉक्सकॉनच त्यातून बाहेर पडली, पण आपलं भांडण टिकाऊ निघालं. कुकसाहेबांनी 2023 मध्ये माधुरी दीक्षितसोबत वडापाव खाल्ला, मुंबईत बीकेसीला दुकान उघडलं. 2025 मध्ये पुण्यात कोरेगाव पार्कला उघडलं. कारखाना तामिळनाडूत, दुकान आपल्याकडे, हप्ते डोंबिवलीत.

तेव्हा मंडळी, फोन कुठूनही आणा, पण लोकलच्या दारात उभं राहून तो हातात मिरवू नका. कळव्याच्या आसपास रुळांलगत दांडकं घेऊन उभी असलेली फटका गँग कुठलंही आयात शुल्क भरत नाही, आणि तिला आहेरही चालत नाही.