पिशव्यांची पिशवी

आमच्या स्वयंपाकघराच्या दारामागे खिळ्याला एक पिशवी टांगलेली आहे. तिच्यात 23 पिशव्या आहेत. 2018 च्या जूनमध्ये राज्यात प्लॅस्टिकबंदी लागू झाली, पहिल्याच गुन्ह्याला 5,000 रुपये दंड ठरला, आणि तेव्हापासून जो तो आम्हाला कापडी पिशवी देत सुटला. मुंजीत पिशवी, वास्तुशांतीत पिशवी, हळदीकुंकवाच्या वाणात तर दोन. प्रत्येकीवर झाड छापलेलं आणि खाली 'ऑरगॅनिक कॉटन'.

आमची कन्या हिशोबी. डेन्मार्कच्या पर्यावरण खात्याचा 2018 चाच एक अभ्यास तिनं वाचून दाखवला. कापूस पिकवण्यापासूनचे सगळे परिणाम धरले, तर प्लॅस्टिकच्या पिशवीशी बरोबरी करायला ऑरगॅनिक कापसाची पिशवी 20,000 वेळा वापरावी लागते. फक्त हवामानापुरतं पाहिलं तर 149 वेळांत भागतं. पण कन्या कसली सवलत देतेय! रोज एकदा म्हटलं तरी एका पिशवीला जवळजवळ 55 वर्षं. 23 पिशव्यांना साधारण 1,260. म्हणजे मी राष्ट्रकूटांच्या काळापासून रोज भाजी आणायला हवी होती. तेव्हा तर आपल्याकडे बटाटासुद्धा आला नव्हता.

बरं, रोज एकदा वापरायला पिशवी आठवायला तरी हवी! मी मंडईत पोचतो तेव्हा 23 च्या 23 खिळ्यावर असतात. मग भाजीवाल्या मावशी गोणपाटाखालून हळूच पातळ काळी पिशवी काढतात. "घ्या काका, दंडवाली गाडी कालच येऊन गेली. आज नाही यायची."

एकदा मात्र निग्रहानं एक झाडवाली पिशवी नेली आणि तिच्यातून बोंबील आणले. ती तीनदा धुतली, दोन दिवस उन्हात वाळवली. साबण आणि पाणी किती गेलं, ते मी कन्येला सांगितलेलं नाही. आता शेजारची मांजर त्या खिळ्याखाली बसून असते.

परवा घाईत हाताला लागली ती अगदी तळातली, मोजणीतून सुटलेली पिशवी. बाबांच्या जुन्या टेरिकॉटच्या पँटीची आईनं शिवलेली. रंग भुरा, बंद कमरपट्टीचे, मागचा खिसा जसाच्या तसा. कॉलेजात असताना ही पिशवी घेऊन जाताना मी ओळखीचं कुणी दिसलं की रस्ता बदलायचो. टेरिकॉट, म्हणजे तिच्यात पॉलिएस्टर आलंच. पण चाळीस वर्षं झाली, शिवण उसवलेली नाही.

मावशींनी तिच्यात दोन किलो कांदे ओतले, वर कोथिंबिरीची जुडी ठेवली आणि पिशवी माझ्या हातात देत चारचौघांत मोठ्यानं म्हणाल्या, "काका, सुटे पैसे पँटीच्या खिशात टाकलेत हं!"