पावसाची तरतूद केलेली आहे

परदेशातल्या कुठल्याही मराठी मंडळात काही माणसं ठरलेली असतात. गणपतीत आरतीचा सूर नको तितका वर नेणारा एक असतो, कोजागिरीच्या दुधात साखर कमी पडल्याचं दरवर्षी शोधून काढणारी एक असते आणि सहल आखणारा एक असतो. ऑकलंडमध्ये आमच्या वाट्याला आलेल्या या तिसऱ्या गृहस्थांना आम्ही ‘आराखडे’ म्हणतो. त्यांचं खरं आडनाव आता फक्त पासपोर्टवर उरलंय. त्यांच्या बायकोलाही सगळे आराखडेवहिनी म्हणतात आणि त्या बिचाऱ्या ओ देतात.

आराखडे सहलीला जात नाहीत, सहल राबवतात. सुरुवात व्हॉट्सअॅपवरच्या पोलनं होते. ‘फियोर्डलँड – जायचं का?’ खाली पर्याय तीन: हो, नक्की हो, तारखा जमल्या तर हो. लोकशाही एवढ्यावर आटोपली की मग एक्सेलची फाइल येते. तिच्यात ‘मुख्य’, ‘खर्च’, ‘औषधं’, ‘सराव’, ‘पाऊस’ अशी पानं असतात आणि शेवटी एक ‘वहिनींच्या शंका’ नावाचं पान असतं. त्यातल्या प्रत्येक शंकेपुढे ‘निरसन झाले’ असं आराखड्यांनी स्वतःच लिहिलेलं असतं.

फियोर्डलँडवर त्यांचा जीव का जडला, याचं कारण निसर्गसौंदर्य असेल असं कुणी समजू नये. न्यूझीलंडच्या दक्षिण बेटाच्या नैर्ऋत्य कोपऱ्यात 12 लाख हेक्टरांहून मोठं हे राष्ट्रीय उद्यान. हिमनद्यांनी खोल दऱ्या कोरल्या, बर्फ वितळल्यावर समुद्र आत आला आणि फियोर्ड तयार झाले, हे सगळं त्यांनी भराभर वाचून बाजूला सारलं. त्यांचा गळा दाटून आला तो मिलफर्ड ट्रॅकची नियमावली वाचताना. साडेत्रेपन्न किलोमीटरची वाट. हंगामात एकाच दिशेनं चालायचं. तंबू ठोकायचा नाही. स्वतंत्रपणे चालणाऱ्यांसाठी तीन झोपड्या, प्रत्येकीत एकच रात्र, दुसरी मागायची नाही. दिवसाला फक्त 40 माणसं सोडणार. ज्या माणसानं ऐन पावसाळ्यातल्या शनिवारी रात्री हरिश्चंद्रगडावर अंग टाकायला जागा शोधली आहे, त्याला हे वाचून काय वाटलं असेल! निसर्गाला इतकं वळण लावलेलं त्यांनी आजवर पाहिलं नव्हतं.

या वाटेला ‘जगातली सर्वोत्तम वाट’ म्हणतात. ब्लांश बॉन नावाच्या लेखिकेनं 1908 मध्ये लंडनच्या ‘स्पेक्टेटर’ला लेख पाठवला होता. तिनं दिलेलं शीर्षक बेताचं होतं. हे भारदस्त शीर्षक संपादकाच्या पदरचं. (संपादक सगळीकडे सारखेच.) आराखड्यांनी तेच ग्रुपचं नाव ठेवलं.

बुकिंग उघडणार त्या सकाळी आराखड्यांनी रजा टाकली. दोन लॅपटॉप, वहिनींचा फोन, मुलाचा शाळेचा टॅब्लेट अशी मांडामांड झाली. पण इथल्या निसर्गसंवर्धन खात्याच्या, म्हणजे सगळे ज्याला ‘डॉक’ म्हणतात त्या खात्याच्या, संकेतस्थळावर आधी एका आभासी रांगेत उभं करतात आणि रांगेतला नंबर चिठ्ठी टाकावी तसा कसाही देतात. आराखड्यांच्या चार यंत्रांना चार नंबर मिळाले, सगळे हजारांच्या घरात. वहिनींचा नंबर त्यातल्या त्यात बरा होता, याचंच त्यांना जास्त लागलं. ‘याला काय अर्थ आहे?’ ते म्हणाले. ‘तयारीला काही किंमतच नाही!’

म्हणून मग गाइडबरोबरची सहल. तीच वाट, पण कंपनीच्या मुक्कामांवर राहायचं. पाच दिवस, चार रात्री आणि शेवटच्या दिवशी मिलफर्ड साउंड या फियोर्डमध्ये बोटीची फेरी. माणशी दर ग्रुपवर पडला आणि अर्धा दिवस कुणी काही बोललं नाही. एरवी ‘गुड मॉर्निंग’चं फूल टाकणारे काकासुद्धा गप्प. मग आराखड्यांनी दराचं समर्थन पाठवलं: गरम पाण्याची अंघोळ, तीन पदार्थांचं जेवण, ओले कपडे वाळवायची खोली, गादी. वहिनींनी उत्तर दिलं, ‘गादी आधी लिहायची. बाकीचं कोण वाचतंय?’

पुण्याहून त्यांचे आतेभाऊ येणार होते. त्यांच्यासाठी ‘सराव’ हे पान होतं: दर शनिवारी सिंहगड, तोही जे बूट घालून इथे चालायचं तेच घालून. आतेभावांनी ते मनापासून पाळलं. दुसरी सूचना मात्र त्यांनी वरवर वाचली. न्यूझीलंडमध्ये येताना बुटांना परक्या देशाची माती चालत नाही. ती दडवली तर जागच्या जागी 400 डॉलर दंड होतो. म्हणून ‘तळवे टूथब्रशनं घासणे’ असं आराखड्यांनी चित्रासकट कळवलं होतं. आतेभावांनी फडक्यानं पुसले. बूट आहेत हे त्यांनी फॉर्मवर प्रामाणिकपणे लिहिलं, एवढंच नशीब. काउंटरवरच्या बाईंनी बूट उलटा केला, खाचेतून हरभऱ्याएवढं ढेकूळ काढलं आणि ही माती कुठली म्हणून विचारलं. प्रश्न साधा होता. पण आतेभाऊ पुण्याचे. त्यांनी घोरपडीपासून सुरुवात केली. बाई शांतपणे ऐकत बूट घेऊन आत गेल्या आणि धुऊन, पिशवीत घालून परत घेऊन आल्या. मागे सगळी रांग खोळंबलेली. बाहेर थांबलेल्या वहिनींनी हकिगत ऐकून निकाल दिला, ‘बूट आले, पण गड गेला.’

आता ‘पाऊस’ या पानाबद्दल. मिलफर्ड साउंडला वर्षाला साडेसहा हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, म्हणजे आपल्या आंबोलीच्या तोडीचा. फरक एवढाच की आंबोलीचा पाऊस चार महिने कोसळतो आणि मग रजेवर जातो. इथल्या पावसाला रजाच मंजूर नाही. आराखड्यांनी यावर सखोल विचार केला होता. त्यांनी पावसाला दुसऱ्या दिवशी दुपारी दोन ते चार अशी वेळ दिली होती. पाचव्या दिवशी बोट असल्यामुळे तेव्हा लख्ख ऊन होतं. खाली तळटीप: ‘पावसाची तरतूद केलेली आहे. चिंता नसावी.’

पहिल्या संध्याकाळी, ‘ते आनाऊ’ नावाचं सरोवर बोटीनं ओलांडून मुक्कामावर पोहोचल्यावर, आराखड्यांनी हा सगळा दस्तऐवज आमच्या गाइडपुढे ठेवला. पंचविशीतली मुलगी, पाठीवर तिच्याहून मोठी पिशवी. तिनं पानं आदरानं चाळली आणि म्हणाली, ‘छान आहे. फक्त भिजू देऊ नका.’ ‘लॅमिनेट केलंय,’ आराखडे म्हणाले. मग तिनं कीआ पक्ष्याबद्दल बजावलं. हा डोंगरी पोपट महा उपद्व्यापी; बाहेर ठेवलेले बूट, रबर, पट्टे काहीही कुरतडतो, उचलून नेतो. बूट आत ठेवा, एवढंच तिचं म्हणणं होतं. झोपायच्या आत आमच्या हातात बूट-पहाऱ्याच्या पाळ्यांचा तक्ता आला.

दुसऱ्या दिवशी क्लिंटन नदीच्या काठानं बीच वृक्षांच्या जंगलातून चाललो. शेवाळ इतकं गच्च की झाडाचं खोड कुठे संपतं आणि फांदी कुठे सुरू होते ते कळेना. दोन ते चार कोरडे गेले. आराखडे अस्वस्थ. त्यात दुसरं संकट: त्यांचं वेळापत्रक किलोमीटरमध्ये आणि या वाटेवरचे खांब मैलांचे, एकूण 33. प्रत्येक खांबापाशी थांबून ते मोठ्यानं एक पूर्णांक सहा दशांशनं गुणत. दहाव्या मैलाला आमच्याबरोबरच्या ऑस्ट्रेलियन आजीबाई त्यांच्या आधी उत्तर सांगायला लागल्या.

पाऊस रात्री आला आणि तो निघून जायला आलेला नव्हता. तिसऱ्या दिवशी मॅकिनन खिंड, वाटेवरची सर्वांत उंच जागा, 1154 मीटर. तक्त्यात ‘खिंड – निसर्गदर्शन, 40 मिनिटे’. दर्शन झालं ते क्विंटिन मॅकिननच्या स्मारकाच्या दगडी चौथऱ्याचं आणि स्वतःच्या पसरलेल्या हाताचं, तेही कोपरापर्यंतच. ‘1888 मध्ये सापडली ही खिंड,’ आराखडे दातावर दात वाजवत म्हणाले, ‘आणि हातात कसलाही तक्ता नसताना!’ आदर होता की हळहळ, ते कळलं नाही. इथल्या शौचालयातून अख्खी दरी दिसते अशी त्याची ख्याती आहे. आतेभाऊ खास जाऊन आले. ‘पांढरं,’ त्यांनी अहवाल दिला.

खिंड उतरून काही जण सदरलंड धबधब्याकडे गेलो. 580 मीटर, तीन टप्प्यांत कोसळणारा. त्या दिवशी तो फुगला होता. जवळ जायच्या आधीच त्याचा वारा अंगावर येऊन चिंब करत होता. बोललेलं ऐकू येईना. तक्त्यात वीस मिनिटं होती. आराखडे मान वर करून उभे राहिले ते राहिलेच. घड्याळ बघायचं विसरले का, असं नंतर विचारलं तर म्हणाले, ‘काचेवर पाणी होतं.’

मग सँडफ्लाय. चिलटाएवढी काळी माशी, रक्त पिणारी. चालत राहिलं तर मागे पडते, थांबलात की कडकडून चावते. माओरी कथेत असं आहे की तू ते राकी फानोआनं मंत्र म्हणत कुऱ्हाडीनं हे फियोर्ड कोरले. ते इतके सुंदर झाले की माणसं इथेच ठाण मांडतील, म्हणून हिने नुई ते पो या देवीनं या माश्या सोडल्या. आराखड्यांना कथा पटली. ‘म्हणजे किती वेळ थांबायचं ते देवीनंसुद्धा ठरवून दिलं होतं,’ ते म्हणाले. आता या वाटेचा शेवट जिथे होतो त्या जागेचं नावच सँडफ्लाय पॉइंट आहे. तिथे आराखड्यांनी लिहिलं होतं: ‘समूहछायाचित्र व विश्रांती – 25 मिनिटे.’ छायाचित्र झालं. त्यात आठ माणसं आहेत आणि आठही जण स्वतःला किंवा शेजाऱ्याला मारत आहेत.

पाचवा दिवस, बोट आणि मुसळधार. ज्याच्या फोटोसाठी ऊन राखून ठेवलं होतं ते मायटर शिखर कमरेपासून वर ढगात. पण गाइडचा चेहरा फुललेला. इथले कडे उभे, कातळाचे, वर माती जवळजवळ नाही. झाडं एकमेकांच्या मुळांना धरून उभी असतात; एक सुटलं की आख्खी रांग पाण्यात येते. पाणी धरून ठेवायला काहीच नाही, म्हणून पाऊस पडला की शेकडो धबधबे फुटतात आणि पाऊस थांबला की आटतात. बारमाही मोठे धबधबे दोनच, लेडी बोवेन आणि स्टर्लिंग. त्या सकाळी आम्ही मोजायचं सोडून दिलं. एक धबधबा तर वाऱ्यानं वरच्या वर उलटा उडत होता, खाली येतच नव्हता. सगळे डेकवर ओरडत होते. आतेभावांनी सिंहगडाचं नाव त्या दिवसापुरतं काढलं नाही.

आराखडे कुठे? केबिनमध्ये. त्यांच्या पर्यायी योजनेत ‘पाऊस आल्यास – बंदिस्त जागेत पत्ते’ असं होतं आणि ते एकटेच, नियोजनानुसार, कॅट पिसत बसले होते. वहिनी आत गेल्या. ‘पावसाची तरतूद केलीय ना? ती बाहेर सुरू आहे. चला.’ दंडाला धरून त्यांना बाहेर काढलं तेव्हा कप्तानानं बोटीचं नाक स्टर्लिंग धबधब्याखाली घातलं होतं. दीडशे मीटरवरून येणारं पाणी आराखड्यांच्या टोपीवर आणि तिथून लॅमिनेट केलेल्या तक्त्यावर पडलं. तक्ता कोरडा राहिला. एवढ्या गोंधळातही त्यांनी तो वर धरून आम्हाला दाखवला.

परतीला गाइडनं कॅप्टन कुकची गोष्ट सांगितली. 1770 मध्ये तो या किनाऱ्यानं जाताना दक्षिणेकडच्या एका मोठ्या फियोर्डच्या तोंडाशी आला, पण आत गेलो तर बाहेर काढणारा वारा मिळेल की नाही याची खात्री वाटेना. म्हणून आत शिरलाच नाही. त्यावरूनच आजचा डाउटफुल साउंड. आम्ही हसलो. आराखडे हसले नाहीत. इतक्या जबाबदार माणसाबद्दल आपल्याला आधी कुणी का सांगितलं नाही, असा त्यांचा चेहरा झाला.

बस होमर बोगद्यात शिरली. सव्वा किलोमीटरच्या आसपास, काम 1935 मध्ये सुरू, मोटारींसाठी खुला 1954 मध्ये. मध्ये हिमकडे कोसळले, महायुद्ध आलं. ‘एकोणीस वर्षं!’ आराखडे अंधारात पुटपुटले. ‘यांच्या फाइलमध्ये हिमकड्याचं पान नसणार.’ नंतर बराच वेळ ते काही बोलले नाहीत. या रस्त्यावर बहुतेक ठिकाणी मोबाइलला रेंज नसते, त्यामुळे ते झोपले असतील असं आम्हाला वाटलं.

ते आनाऊ गाव जवळ आलं आणि बसमधल्या आमच्या सगळ्यांच्या फोनांनी एकदम आवाज केला. नवा ग्रुप: ‘डाउटफुल – प्राथमिक’. पोल जोडलेला. पाठोपाठ फाइल, त्यात ‘वारा’ नावाचं एक नवं पान. त्याखाली बारीक अक्षरांत आलं की आराखडेवहिनींनी ग्रुप सोडला आहे. त्या शेजारच्याच सीटवर बसल्या होत्या. पुढची ओळ यायला फार वेळ लागला नाही: आराखड्यांनी वहिनींना पुन्हा ग्रुपमध्ये घेतलं होतं आणि या खेपेला अॅडमिन केलं होतं.