डायरेक्टरसाहेबांचा फ्लॅट विकणे आहे

इंग्लंडात फ्लॅट विकत घेता येतो, असं आपल्याला सांगितलं जातं. प्रत्यक्षात हाती येतो तो लांबलचक मुदतीचा भाडेपट्टा. कुणाला ९९ वर्षांचा, कुणाला १२५, नशीब जोरावर असलं तर ९९९. भिंतीवरचा रंग आपला, भिंत फ्रीहोल्डरची आणि जिन्यातला दिवा गेला की खर्च पुन्हा आपला. ही वाटणी मला तोंडपाठ होती. असणारच, कारण स्लाऊमधल्या आमच्या इमारतीच्या मॅनेजमेंट कंपनीचा मी चक्क डायरेक्टर होतो.

ही डायरेक्टरकी काय चीज असते ते आधी सांगतो. आमच्या इमारतीची देखभाल रहिवाशांच्याच कंपनीकडे आहे. प्रत्येक फ्लॅटमागे एक पौंडाचा एक शेअर. एजीएमला जो हजर राहतो आणि ऐनवेळी नजर चुकवायला विसरतो, तो डायरेक्टर होतो. मानधन शून्य. मात्र कंपनीज हाउसच्या नोंदवहीत नाव चढतं आणि ते जगात कुणालाही फुकट पाहता येतं. डोंबिवलीतल्या यच्चयावत नातेवाइकांना ते पाहायला मिळेल, याची मी जातीने काळजी घेतली होती. "मग गाडी कंपनीचीच का रे?" असं आत्याने विचारलं, तेव्हा मी लंडनच्या हवेबद्दल बोलू लागलो.

खरी कामं करतो मॅनेजिंग एजंट. कंपनीने त्याला नेमायचं. त्याने झाडलोट, विमा, लिफ्ट आणि हिशेब सांभाळायचे. डायरेक्टरने वर्षातून एकदा हिशेबावर सही करायची आणि उरलेलं वर्ष कचऱ्याच्या डब्यांबद्दल ईमेल लिहायच्या. दोन्ही कामं मी निष्ठेने केली.

मग आम्ही फ्लॅट विकायला काढला. गिऱ्हाईक पटकन मिळालं. आमच्या सॉलिसिटर बाईंनी सांगितलं, "आता मॅनेजमेंट पॅक मागवा." लीजहोल्ड घर विकताना घेणाऱ्याचा वकील इमारतीची कुंडली मागतो. त्यासाठी एलपीई१ नावाचा ठरीव फॉर्म आहे. सर्व्हिस चार्ज किती, ग्राउंड रेंट किती, थकबाकी आहे का, मोठी दुरुस्ती येऊ घातली आहे का, आगीच्या धोक्याची तपासणी कधी झाली, कुणाशी तंटा चालू आहे का, असे नाना प्रश्न. उत्तरं एजंटाने द्यायची, सोबत तीन वर्षांचे हिशेब आणि विम्याचे कागद जोडायचे. किंमत ३०० पौंड, वर २० टक्के व्हॅट, म्हणजे ३६०. पैसे आधी, कागद नंतर. लवकर हवं असेल तर आणखी पैसे.

मी एजंटाच्या कचेरीत फोन लावला आणि आवाजात जमेल तेवढं वजन आणून म्हणालो, "मी कंपनीचा डायरेक्टर बोलतोय."

"अरे वा!" पलीकडची मुलगी म्हणाली. "पैसे कार्डाने देणार की बँकेतून पाठवणार?"

पॅक आला. जाडजूड पीडीएफ होती. रात्री चहा घेऊन वाचायला बसलो. तिन्ही वर्षांच्या हिशेबांखाली माझी सही. एजीएमच्या इतिवृत्तात माझं भाषण: 'बागेतील बाकाच्या रंगाचा विषय डायरेक्टरांनी पुढील सभेपर्यंत स्थगित ठेवला.' बायको मागे उभी राहून वाचत होती. म्हणाली, "तुझं बोलणं वाचायला ३६० पौंड? मी इतकी वर्षं फुकट ऐकलं."

खरा घाव पुढच्या पानावर होता. 'तंटे व तक्रारी' या सदराखाली एजंटाने प्रामाणिकपणे नोंदवलं होतं की, दुसऱ्या मजल्यावरील एका रहिवाशाने कचऱ्याच्या डब्यांबाबत दीर्घकाळ पत्रव्यवहार चालवला आहे. दुसऱ्या मजल्यावरचा तो चळवळ्या रहिवासी मीच. घेणाऱ्याच्या वकिलाने ताबडतोब विचारलं, हा शेजारी फार त्रासदायक आहे का आणि विक्रीनंतरही तिथेच राहणार आहे का? सॉलिसिटर बाईंमार्फत मला लेखी कळवावं लागलं की, सदर इसम घर सोडून जात असून त्याच्यापासून पुढे उपद्रव संभवत नाही.

एवढं होऊनही ते गिऱ्हाईक गळालं. त्याचं स्वतःचं घर घेणारा मागे हटला, आणि इथे एकाची विक्री दुसऱ्याच्या खरेदीत अडकलेली असते. नवं गिऱ्हाईक मिळेपर्यंत काही महिने गेले. तेव्हा कळलं की मॅनेजमेंट पॅक दुधाच्या पिशवीसारखा असतो. तारीख उलटली की नासतो. घेणाऱ्याच्या वकिलाला ताजी माहिती हवी, म्हणून पुन्हा शुल्क. मधल्या काळात इमारतीत बदललं होतं ते एवढंच की बाकाला रंग लागला होता.

त्यानंतर शेअर सर्टिफिकेट हवं झालं. माझ्या एक पौंडाच्या मालकीचा तो कागद घर घेतल्यावर इतका जपून ठेवला होता की आता कुणालाच सापडेना. हरवलं असेल तर हमीपत्र द्या, त्याचं शुल्क ६० पौंड अधिक व्हॅट. म्हणजे एक पौंडाची वस्तू हरवल्याची कबुली ७२ पौंडांना. शिवाय मालक बदलल्याची नोटीस नोंदवण्याची फी, घेणाऱ्याच्या कर्जाची नोटीस नोंदवण्याची फी, तो लीजच्या अटी पाळील या करारनाम्याची फी आणि सगळं रीतसर झाल्याच्या दाखल्याची फी. तो दाखला नसेल तर लँड रजिस्ट्रीत नाव बदलत नाही. या फिया रिवाजाने घेणारा भरतो. आमच्या गिऱ्हाइकाने त्यांची बेरीज केली, तेवढी रक्कम घराच्या किमतीतून कमी मागितली आणि रिवाज पाळला.

वैतागून डोंबिवलीला दादाला फोन केला. दादा सोसायटीचा सेक्रेटरी. "अरे, आमच्याकडे ट्रान्सफर फी ५०० रुपये," तो म्हणाला, "आणि प्रीमियम फार तर २५ हजार. २००१ सालच्या परिपत्रकात लिहिलंय, महापालिका हद्दीत त्याच्यावर एक रुपया घेता येत नाही."

"म्हणजे तुम्ही घेत नाही?"

"आम्ही कुठे घेतो? लोक देणगी देतात."

"स्वखुशीने?"

"ना हरकत दाखला हवा असला की माणूस खूश असतो." दादा आधी हसला, मग हळूच म्हणाला, देणगीसुद्धा सक्तीने घेता येत नाही, असं हायकोर्टाने सांगितलंय, आणि हे मी कुणाला सांगू नये.

शेवटी मी एजंटाला खरमरीत पत्र लिहिलं: ही शुल्कं कोणी ठरवली आणि कोणाच्या परवानगीने? उत्तर तासाभरात आलं, आणि त्याबद्दल एक पैही लावली नाही. सोबत कंपनी आणि एजंट यांचा करार. शेवटच्या पानावर 'घर विकणाऱ्यांकडून आकारावयाची शुल्के', आणि खाली माझी सही. ती एजीएम मला लख्ख आठवली. एजंट म्हणाला होता, वार्षिक मोबदला वाढवत नाही, घर विकणाऱ्यांकडून थोडं जास्त घेतो. सगळ्यांनी माना डोलावल्या. विकणारा त्या खोलीत कोणीच नव्हता.

यातली मेख अशी आहे. राहणाऱ्याला हे शुल्क लागत नाही, म्हणून तो विरोध करत नाही. जाणाऱ्याला लागतं, पण त्याचा पाय बाहेर पडलेला असतो आणि शंभर पौंडांसाठी लाखांचा व्यवहार लांबवायची कुणाची छाती होत नाही. दुसरा दुकानदारही नाही. माहिती एकाच कपाटात आणि किल्ली एकाच्याच खिशात. ब्रिटिश संसदेलाही हे कळलं आहे. २४ मे २०२४ रोजी मंजूर झालेल्या लीजहोल्ड सुधारणा कायद्यात अशी माहिती देण्याला मुदत आणि तिच्या शुल्काला कमाल मर्यादा घालण्याची सोय आहे. फक्त मर्यादा किती, हे पुढच्या नियमांवर सोपवलं आहे. मी विकलं तेव्हा ते नियम निघाले नव्हते.

फ्लॅट गेला, त्याबरोबर डायरेक्टरकीही गेली. वर्षाचे हिशेब पक्के झाले नव्हते, म्हणून पुढे काही बाकी निघालीच तर असावेत यासाठी घेणाऱ्याच्या वकिलाने माझे ४०० पौंड राखून ठेवले आहेत. हिशेबावर डायरेक्टरची सही झाली की ते सुटतील. माझ्या जागी अजून कोणी उभं राहिलेलं नाही.

तेव्हा इंग्लंडात फ्लॅट घेणाऱ्या मंडळींना एवढंच सांगणं: स्वयंपाकघर बघाल, स्टेशन किती लांब ते बघाल, तसं एजंटाचं शुल्कपत्रकही घेण्याआधीच मागून वाचा. आणि एजीएममध्ये ते मंजुरीला आलं, तर आपण उद्या घर विकणार आहोत असं समजूनच हात वर करा.