दहा गुण, पुढचा प्रश्न!

रोझेटा शिळेवरची चित्रलिपी कोणी उलगडली?

बझर. ‘शांपोल्यों!’ बरोबर. दहा गुण, टाळ्या, पुढचा प्रश्न.

थांबा जरा. त्या शिळेवर लिहिलंय काय, ते कोण सांगणार?

कोणीच नाही. ते कार्डावर छापलेलं नाही.

शिळा १७९९ साली नेपोलियनच्या फौजेला सापडली, १८२२ साली शांपोल्योंनं चित्रलिपीचं कोडं सोडवलं, लिप्या तीन, भाषा दोन, सध्याचा मुक्काम ब्रिटिश म्युझियम. एवढं प्रत्येक क्विझवाल्याला तोंडपाठ असतं. पण ज्या मजकुरापायी युरोपातल्या विद्वानांनी वीस-बावीस वर्षं डोकेफोड केली, तो मजकूर मात्र कोणाच्या गावी नाही!

मजकूर आहे करमाफीचा.

इसवी सनापूर्वी १९६. इजिप्तच्या गादीवर पाचवा टॉलेमी, वय तेरा-चौदा. देशाच्या दक्षिणेत बंड पेटलेलं. अशा वेळी पोरसवदा राजाला देवळांचा पाठिंबा हवा होता. मग काय? देवळांकडची थकबाकी माफ. खजिन्यात भरायच्या तलम कापडातला दोन तृतीयांश हिस्सा माफ. आरमारासाठी माणसं धरून नेणं बंद. पुरोहितांना दरवर्षी अलेक्झांड्रियाची वारी करावी लागे, तीही बंद. त्या बदल्यात पुरोहितांनी ठराव केला: देवळादेवळांत राजाची मूर्ती बसवायची, दिवसातून तीनदा तिची पूजा करायची आणि हा ठराव तीन लिप्यांत दगडावर कोरून मूर्तीशेजारी उभा करायचा.

तोच हा दगड.

बावीसशे वर्षांपूर्वीची देवाणघेवाण, तीही कलमवार! कर्जमाफीच्या बातम्या ऐकत मोठ्या झालेल्या मराठी पोराला ही गोष्ट एका मिनिटात कळेल. कोणी पुस्तक उघडायला सांगायचीही गरज पडणार नाही.

ते एक मिनिट त्याला कोणी देत नाही.

मला क्विझ आवडते. म्हणूनच हा संताप. शाळा सुटली की आपल्याकडच्या बहुतेकांची जगाच्या इतिहासाशी गाठ पडते ती फक्त क्विझमध्ये आणि स्पर्धा परीक्षेत. २००० साली मुंबईचा हर्षवर्धन नवाथे ‘कौन बनेगा करोडपती’त पहिला करोडपती झाला आणि सामान्यज्ञानाला घराघरांत मान मिळाला. चांगलंच झालं. पण माणसं इतिहास ज्या कार्डावरून शिकणार, ते कार्ड कोणी लिहिलं, कशावरून लिहिलं, हे तपासायचं कोणी?

कोण, कधी, कुठे. बस्स. ‘का’ आणि ‘कशावरून’ यांना क्विझमध्ये प्रवेशच नाही.

आता घरचंच उदाहरण घ्या. अजिंठ्याची लेणी कोणी शोधली? जॉन स्मिथ, १८१९. दहा गुण.

पण लेणी हरवली होती कोणाची? सातव्या शतकात ह्युएन त्संगनं या मुलखातल्या एका डोंगरी विहाराचं वर्णन लिहून ठेवलंय, दाराशी दगडी हत्ती असलेल्या. अभ्यासक तो विहार अजिंठाच मानतात. आसपासच्या गावांना तर लेणी तिथं आहेत हे सांगायला कोणा फौजी साहेबाची गरज नव्हती. वाघाच्या शिकारीला आलेल्या स्मिथनं लेणी पाहिली आणि केलं काय? दहाव्या लेण्यात, रंगवलेल्या खांबावर, आपलं नाव, पलटण आणि तारीख खरवडली: २८ एप्रिल १८१९. तेव्हा लेण्यात पुरुषभर माती-दगड साचले होते. त्या ढिगाऱ्यावर उभा राहून त्यानं ते कोरलं, म्हणून आज ते आपल्या डोक्याच्याही वर दिसतं. इसवी सनापूर्वीच्या लेण्यातल्या चित्रावर ओरखडा!

आज गडावर नाव कोरणाऱ्याला आपण दंड करा म्हणतो. याला दहा गुण.

माचू पिचूची तीच कथा. हायरम बिंगहॅम, १९११, बरोबर! पण बिंगहॅम वर पोचला तेव्हा तिथं शेतकरी कुटुंबं राहत होती, इंकांनी बांधलेल्या पायऱ्यापायऱ्यांच्या वाफ्यांत पिकं काढत होती. त्याला वाट दाखवली ती स्थानिक माणसांनीच. भिंतीवर आगुस्तिन लिझारागा या पेरूच्याच माणसाचं नाव आणि १९०२ हे साल लिहिलेलं होतं. ते बिंगहॅमनं स्वतः पाहिलं, वहीत टिपूनही घेतलं.

कार्डावर नाव कोणाचं? जो नंतर आला, त्याचं.

आणि ‘भारताकडे येणारा सागरी मार्ग कोणी शोधला?’ वास्को द गामा, १४९८. मग पहिल्या शतकात रोमन साम्राज्यातली जहाजं मान्सूनच्या वाऱ्यावर आपल्या किनाऱ्याला लागत होती, ती काय वाट चुकून? त्या काळच्या एका ग्रीक प्रवासवहीत, ‘पेरिप्लस’मध्ये, सोपारा आहे, कल्याण आहे, पैठण आणि तेर आहे. पैठण-तेरचा माल गाड्यांत भरून भडोचच्या बंदरात जायचा, असं त्यात लिहिलंय. कोल्हापूरला ब्रह्मपुरीच्या उत्खननात पोसायडन या ग्रीक समुद्रदेवाची कांस्यमूर्ती निघाली. टाऊन हॉलच्या संग्रहालयात जाऊन बघा. वास्को द गामानं आफ्रिकेला वळसा घालून येण्याची वाट काढली, हे मोठंच काम. आणि त्यालाही आफ्रिकेच्या किनाऱ्यावरच्या मालिंदीहून कालिकतला आणायला या समुद्राचा माहीतगार वाटाड्या घ्यावा लागला.

प्रश्नात ‘युरोपातून, आफ्रिकेला वळसा घालून’ एवढे चार शब्द जास्त घातले तर शाई संपते का?

हे झाले अर्धवट प्रश्न. काही प्रश्नांची तर उत्तरंच धडधडीत खोटी.

चंद्रावरून दिसणारी एकमेव मानवनिर्मित वास्तू? ‘चीनची भिंत!’ अहो, चंद्र इथून सुमारे ३,८४,००० किलोमीटर आणि भिंतीची रुंदी काही मीटर. चीनचा पहिला अंतराळवीर यांग लिवेई २००३ साली पृथ्वीभोवती नुसत्या प्रदक्षिणा घालून आला आणि म्हणाला, मला भिंत दिसली नाही. ‘बिलिव्ह इट ऑर नॉट’वाल्या रिप्लीनं हा चंद्राचा दावा छापला १९३२ साली. माणूस अवकाशात गेला १९६१ साली.

पाहून कोण आलं होतं?

शिंगांची शिरस्त्राणं घालणारे ते कोण? ‘व्हायकिंग!’ ही शिंगं आली १८७६ साली, जर्मनीत, वाग्नरच्या ऑपेरासाठी डोप्लर नावाच्या वेशभूषाकारानं काढलेल्या पोशाखांतून. नॉर्वेत १९४३ साली व्हायकिंगांचं खरंखुरं शिरस्त्राण सापडलं. साधं, गोल, लोखंडी. शिंगाचा पत्ता नाही.

‘भाकरी नसेल तर केक खा’ असं कोण म्हणालं? ‘मारी आंत्वानेत!’ रूसोनं हा किस्सा लिहिला तेव्हा मारी दहा-अकरा वर्षांची असेल-नसेल, आणि होती व्हिएन्नात. त्यानं तर ‘एक थोर राजकन्या’ एवढंच म्हटलं होतं. लोकांना मारीवर राग होता, नाव आपोआप चिकटलं. गिलोटिननं तिचा जीव एकदा घेतला. क्विझवाले तिला दर गॅदरिंगला उभी करतात.

परंपरांच्या राउंडची अवस्था तर याहून वाईट. ऑलिंपिक ज्योतीची दौड ही कोणत्या प्राचीन संस्कृतीची परंपरा? असा प्रश्न कोणी टाकला की चारही टीम ‘ग्रीक’ म्हणून ओरडतात. ऑलिंपियाहून ज्योत घेऊन पळत निघण्याची ही कल्पना १९३६ सालची, बर्लिनची. हिटलरच्या राज्यातली. मेक्सिको सिटीत मृतांच्या सणाला सांगाड्यांचे मुखवटे घालून निघणारी भव्य मिरवणूक? घराघरांत पितरांसाठी वेदी मांडणं तिकडे जुनं आहे, मनापासूनचं आहे. पण राजधानीतली ती मिरवणूक पहिल्यांदा निघाली २०१६ साली. २०१५च्या बॉण्डपटात तशी मिरवणूक दाखवली होती, ती बघून.

हजारो वर्षांची परंपरा म्हणे!

मग या चुका टिकतात कशा? एक कार्ड दुसऱ्या कार्डावरून उतरवलं जातं म्हणून. अमेरिकेत फ्रेड वर्थ नावाच्या गृहस्थांनी सामान्यज्ञानाचा कोश काढला आणि त्यात मुद्दाम एक खोटी नोंद पेरली. टीव्हीवरच्या कोलंबो या डिटेक्टिव्हचं पहिलं नाव ‘फिलिप’. हे नाव मालिकेत कुठंच नव्हतं, वर्थनी मनानं दिलेलं. पुढे ‘ट्रिव्हियल परस्यूट’ हा खेळ बाजारात आला, तुफान खपला, आणि त्याच्या कार्डावर हजर: फिलिप! वर्थनी १९८४ साली ३० कोटी डॉलरचा दावा ठोकला. कोर्टानं तो फेटाळला, कारण माहितीवर कोणाची मालकी नसते.

मालकी नसते हे पटलं. पण जबाबदारी? ज्यानं कार्ड लिहिलं, त्यानं कोलंबोचा एक भाग तरी पाहायचा होता.

आता एक महागडा प्रश्न. २० नोव्हेंबर २०००. ब्रिटनच्या ‘हू वाँट्स टु बी अ मिलियनेअर’मध्ये ज्युडिथ केपेल यांनी दहा लाख पौंड जिंकले, त्या कार्यक्रमात सर्वांत पहिल्यांदा. शेवटचा प्रश्न: अ‍ॅक्विटेनच्या एलिनॉरचं लग्न कोणत्या राजाशी झालं होतं? पर्याय पहिला हेन्री, दुसरा हेन्री, पहिला रिचर्ड, पाचवा हेन्री. उत्तर दुसरा हेन्री. केपेलबाई हुशार, शाबासकी त्यांची.

पण ही एलिनॉर कोण? आधी फ्रान्सची राणी. नवऱ्याबरोबर दुसऱ्या धर्मयुद्धाला गेलेली. ११५२ साली ते लग्न रद्द झालं आणि दोन महिने पुरे व्हायच्या आत तिनं हेन्रीशी लग्न केलं, तो अजून इंग्लंडचा राजाही झाला नव्हता. ११७३ साली मुलांनी बापाविरुद्ध बंड केलं, तिनं मुलांची बाजू घेतली. नवऱ्यानं तिला पंधरा-सोळा वर्षं कैदेत ठेवलं. ११८९ साली नवरा गेला, ती सुटली, वय साठीच्या पुढे. गप्प बसली? मुलगा युद्धावर गेला तेव्हा तिनं राज्य राखलं. तो परक्या मुलखात कैद झाला तेव्हा खंडणी उभी करून त्याला सोडवून आणलं. तो मुलगा म्हणजे चार पर्यायांतलाच पहिला रिचर्ड!

एवढी बाई समोर असताना दहा लाखांचा प्रश्न काय? नवरा कोण.

कोणी म्हणेल, क्विझमध्ये वेळ नसतो, उत्तर एका शब्दाचंच हवं. मान्य. पण एका शब्दाच्या उत्तराचाही प्रश्न चांगला करता येतो. ‘गिझाचा मोठा पिरॅमिड कोणी बांधला? खुफू’ हे विचारण्याऐवजी मेरेर विचारा. २०१३ साली तांबड्या समुद्राच्या किनाऱ्यावर, वादी अल जर्फ इथं, या मुकादमाच्या कामाची रोजनिशी सापडली. जगातली सर्वांत जुनी लिहिलेली पपायरसं तीच. टुऱ्याच्या खाणीतून चुनखडीचे दगड होडीत घातले, गिझाला पोचवले, मुक्काम केला, परत आलो, अशा नोंदी. खुफूच्या पिरॅमिडचं काम चालू असतानाच्या. गिझाला १९९०पासून बांधकामावरच्या माणसांची थडगी उघडी झाली. पिरॅमिडच्या सावलीत मानानं पुरलेली माणसं. ‘गुलामांनी बांधला’ हे उत्तर अजून किती वर्षं बरोबर धरायचं?

राज्य लोकसेवा आयोगाला सगळे नावं ठेवतात. पण तिथं निदान आधी उत्तरतालिका जाहीर होते, पोरं पुराव्यासकट हरकती घेतात, चुकलेला प्रश्न रद्द होतो. आपल्या क्विझमध्ये नियम क्रमांक एक काय? क्विझमास्टरचा निर्णय अंतिम. ज्या पोरानं पुस्तक वाचून हात वर केला, त्यालाच खाली बस म्हणायचं!

गॅदरिंगचे दिवस आले की मास्तर, मॅडम आणि कॉलेजातले उत्साही क्विझमास्टर जुन्या फायली काढतील. त्यांना एवढंच सांगणं: प्रत्येक कार्डामागं ‘कशावरून’ ते लिहा. हरकत घेणाऱ्याला माइक द्या, हरकत टिकली तर वर पाच गुण द्या. आणि दर राउंडला एका उत्तराची गोष्ट पुरी सांगा, फार तर दोन मिनिटं.

वेळ कुठून आणायचा? प्रायोजकांच्या सत्कारातून कापा.