टायरतात्या

करमाळ्यात आकडा म्हटला की लोकांना कमलाभवानीच्या देवळाचे 96 खांब आठवतात. टायरतात्यांचा आकडा चार अंकी, आणि तोही तुमच्याच गाडीवरचा. रामराम व्हायच्या आधीच ते चाकापाशी उकिडवे बसतात, चष्मा कपाळावर सारतात आणि अंगठ्यानं धूळ पुसून वाचतात, "2319. म्हणजे 2019 सालचा तेविसावा आठवडा. गाडी कधी घेतली? 2021? मग टायर गाडीपेक्षा थोरला की!"

तात्यांची स्वतःची गाडी नाही. जेऊर स्टेशनला जायचं तरी एसटीनं. पण पंक्चरच्या दुकानातलं बाकडं त्यांचंच, आणि तिथं बसून ते टायरवरून मालकाची पत्रिका मांडतात. टायर मधोमध झिजलाय? "हवा जास्त भरतो. माणूस घाईचा." दोन्ही कडा गेल्यात? "हवा कमी. आळशी." एकच कड खाल्लीय? "अलाइनमेंटचे पैसे वाचवतोय. चिकट."

परवा एक बागायतदार पोरगं जीपला मोठ्या खाचांचे, चिखलात चालणारे टायर टाकायला आलं. तात्या म्हणाले, "कंदरच्या केळीत जायला वर्षाकाठी चिखल किती दिवस लागतो? बाकी सगळं डांबर. डांबरावर हा टायर बोंबलणार, डिझेल पिणार, ओल्या रस्त्याला घसरणार. आणि आपल्या काळ्या रानात पाऊस झाला की असल्या खाचासुद्धा भरून निघतात. मग तुझा महागाचा टायर आणि माझा गोटा टायर, सारखेच. ट्रॅक्टर बोलवायचा."

उन्हाळ्यात त्यांचा आवाज चढतो, कारण निम्मा तालुका ऊन वाढलं म्हणून हवा कमी करून घेतो. "अरे, हवा कमी केली की टायर जास्त दबतो, दबला की तापतो, तापला की टेंभुर्णी रोडला फुटतो! दाराच्या चौकटीवर कंपनीनं आकडा चिकटवलाय तो वाच, आणि सकाळी टायर गार असताना भर." माणूस मान डोलावतो, चहा पाजतो आणि दुकानदाराला हळूच विचारतो, "स्वस्तातला रिमोल्ड आहे का?"

तात्या एकदाच हरले नाहीत. पुतणीला बघायला पाहुणे आले. आत पोहे फिरत होते, तात्या बाहेर डिकीत डोकं घालून बसलेले. घरात येऊन म्हणाले, "मुलगा निर्व्यसनी दिसतो. पुढचे टायर झकास. पण स्टेपनी 2011 ची. जो वापरात नसलेल्या चाकाकडं बघत नाही, तो उद्या म्हाताऱ्या सासूसासऱ्यांकडं काय बघणार?"

बैठकीत शांतता पसरली. मुलाच्या वडिलांनी मुलाकडं जरा जास्तच वेळ पाहिलं.

लग्न ठरलं. मुलाकडच्यांनी काही मागितलं नाही. अट घातली ती मुलीकडच्यांनी: साखरपुड्याला येताना स्टेपनी नवी.